रुमाल टाकून धरलेली जागा

कंपनीच्या बसमध्ये माझी जागा ठरलेली होती. माझा दोस्त आधी वळसंगला चढायचा आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवायचा. कुंभारीला मी चढलो की रुमाल उचलून गळ्यात घ्यायचा. मग चिंचोळीला कंपनी येईपर्यंत आमच्या तोंडाला कुलूप नसायचं. त्याचा मेहुणा बिनकामाचा हिंडायचा, त्याची टिंगल करण्यात तर आमचा अर्धा रस्ता सरायचा.

दोस्त परमनंट, मी ठेकेदाराचा माणूस. मशीन शेजारी-शेजारी, घाम सारखाच. त्यामुळे आमच्यात काही फरक आहे हे मला लॉकडाऊन लागेपर्यंत कधी जाणवलंच नव्हतं. कंपनी बंद झाली. त्याला ऑफिसातून फोन यायचे, मला कुणाचाच नाही. मला कुणी काढलं नव्हतं आणि ठेवलंही नव्हतं. काढलं असतं तर चार शिव्या घालून मोकळा तरी झालो असतो. शेजारी विचारायचे, "काम हाय न्हवं?" मी म्हणायचो, "हाय की." असं म्हणून घरात येऊन भिंतीला टेकून बसायचो.

बायको विड्या वळते. तिचं काम माझ्या आधी सुरू झालं. ती सूप मांडीवर घेऊन हात चालवायची आणि मी नुसता बघत बसायचो. ताटावर बसायची लाज वाटायची. हळूहळू मनात यायला लागलं, आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे? आधी हे कधीतरी यायचं, मग रोज, पुढे पुढे तर दात घासतानासुद्धा. मला माझीच भीती वाटायला लागली.

बायकोला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून दोस्ताला फोन केला. जीव द्यावासा वाटतो, असं सरळ सांगून टाकलं. त्यानं मधे न बोलता सगळं ऐकलं.

"येड्यावानी करू नगंस," तो म्हणाला. "कंपनी चालू झाली की तुजी जागा मी धरतो की."

त्या दिवशी मी पोटभर जेवलो. त्यानंतर रोज त्याला विचारायचो आणि तो रोज सांगायचा, "अजून बंदच हाय."

एका सकाळी बायकोनं वळलेल्या विड्या पाटीत घालून मी विडी कारखान्यात द्यायला निघालो. मोठ्या रस्त्यावर समोरून आमची बस आली. सवयीनं माझा हात वर गेला. ड्रायव्हरनंही सवयीनं वेग कमी केला. खिडकीत दोस्त होता आणि माझ्या जागेवर, मास्क हनुवटीखाली ओढून, त्याचा मेहुणा. गावभर अंतर ठेवा म्हणून सांगत होते, ते दोघं मात्र खांद्याला खांदा लावून बसले होते. दोस्तानं मला पाहिलं आणि मान खाली घातली. बस निघून गेली.

तिथंच उभं राहून मी ठेकेदाराला फोन लावला.

"तुमच्या दोस्तानंच सांगितलं की," तो म्हणाला. "जीव देतो म्हणताय म्हणं. असा माणूस मशीनवर कसा घ्यायचा? उद्या काय झालं तर माझ्या गळ्यात यायचं. त्यानं त्याचा मेहुणा दिला, मी घेतला."

काम नव्हतं म्हणून मरावंसं वाटत होतं, आणि मरावंसं वाटतं म्हणून काम गेलं. ही गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली होती. त्यानं तिचं काय केलं ते आता कळलं.

मी भरलेली पाटी घेऊन तसाच घरी परतलो.

"इड्या घेतल्या न्हाईत व्हय?" बायकोनं विचारलं. मग मला सगळं सांगावंच लागलं. तिचे हात थांबले.

"मला सोडून त्याला सांगितलंत?" एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवशी मात्र मला धरून दवाखान्यात घेऊन गेली. औषधं सुरू झाली आणि तिचा पहाराही.

पुढे मेहुणा काम सोडून गेला, आणखीही माणसं कमी पडली, तेव्हा ठेकेदारानं मला परत बोलावलं. बस तीच आहे. पहिल्याच दिवशी दोस्तानं सीटवर रुमाल टाकून ठेवला होता. मी तिकडे न बघता ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसलो. आता रोज तिथंच बसतो.

तो विचार अजूनही अधूनमधून येतो. आला की बायकोला सांगतो. ती हातातलं सूप बाजूला ठेवून ऐकते.

बसमधून उतरताना दोस्त कधीकधी हळूच विचारतो, "बरं हाय न्हवं?"

"एकदम मस्त," मी म्हणतो, गेटवर उभ्या ठेकेदाराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.