पालथी वाटी

वैरागहून पुतण्याचा फोन आला. "काकी, आई गेली... झोपेतच." आदल्या संध्याकाळी तर आक्का फोनवर माझ्याशी भांडली होती, मी श्रावणातसुद्धा लसूण खाते म्हणून!

आक्का माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले तेव्हा पहिली बोलणी खाल्ली ती लसणावरूनच. "आगं, ठेचल्या ठेचल्या तेलात टाकतीस व्हय? जरा दम खाऊ दे की त्याला!" मग ठेचलेल्या लसणावर ती पितळी वाटी पालथी घालायची आणि तेवढ्या वेळात माझी सगळी विचारपूस करायची. माहेरची आठवण मला त्या वाटीनंच विसरायला लावली.

पुढं तिला रक्तदाब निघाला, रोजची गोळी सुरू झाली. आणि एका दिवाळीनंतर शेंगा फोडता फोडता तिचा उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून तिला मी जुळे सोलापूरला आमच्याकडे आणलं, तेव्हा कुठं उलगडा झाला. चातुर्मासात लसूण वर्ज्य, म्हणून बाई तेवढे चार महिने गोळी घ्यायची. कार्तिकी एकादशी झाली, लसूण ताटात आला, की गोळी बंद!

"आक्का, असं कुणी करतं का?"

"मग? दोन दोन औषदं कशाला? लसूण काय कमी हाय व्हय?"

हसावं की रडावं कळेना. राग तर असा आला... आणि भीतीही वाटली. तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी समजावलं, लसूण ठेचला की त्यातलं गंधकाचं द्रव्य जागं होतं, रक्तदाबाला थोडीफार मदत करतही असेल. पण गोळीची जागा तो घेऊ शकत नाही. बाहेर आल्यावर आक्का म्हणाली, "मदत करतो म्हणला की न्हाय?" सोयीचं तेवढंच ऐकायची खोड जुनीच.

पण दुसऱ्या दिवशी मी लसूण ठेचून दिला, तिनं डाव्या हातानं वाटी पालथी घातली आणि आपणहून पाणी मागितलं. "ह्यो दम खातोय तवर गोळी घीन. दोगंबी खूश."

"आणि चातुर्मासात?"

"रिकामीच पालथी घालीन की."

मला ती थाप वाटली होती. फोननंतर पोचले तेव्हा तिच्या वैरागच्या स्वयंपाकघरात ओट्यावर ती पितळी वाटी पालथी होती. शेजारी पाण्याचं फुलपात्र आणि गोळ्यांच्या पट्टीचा एक रिकामा कप्पा. "आईनं ठेवलेली हाय," पुतण्या म्हणाला, "उचलू वाटंना, काकी."

मी कडेनं जरा उचलून पाहिली. खाली काहीच नव्हतं. पुन्हा होती तशी ठेवली.