मे महिन्यातला गुप्तहेर

पांढुर्णा जिल्हा झाला आणि माझ्या नवऱ्याला वाटलं, आता इथं कलाही व्हायला पाहिजे. जिल्हा म्हटला की कलेक्टर येतो, कचेऱ्या येतात, पण सिनेमा काही वरून येत नाही, तो आपणच काढावा लागतो, असं त्याचं म्हणणं. हा माणूस एका जिनिंगमध्ये मॅनेजर. दिवसभर कापूस, आणि घरी आला की मोबाइलवर जुने परदेशी गुन्हेपट. सगळे काळेपांढरे. त्यात कायम रात्र असते, कायम पाऊस पडतो, लांब कोट आणि हॅट घातलेला एक गुप्तहेर सगळ्या जगावर नाराज असतो, आणि एक सुंदर बाई त्याच्याकडे येऊन खोटं बोलते. या सगळ्या थाटाची टर उडवणारी एक छोटी विनोदी फिल्म काढायची, असं त्यानं एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं. मे महिना होता. म्हणजे पावसासाठी मुहूर्त अगदी उत्तम.

गोष्ट त्यानंच लिहिली. एका बाईचा नवरा बेपत्ता होतो. ती गुप्तहेराकडे येते. तो गावभर फिरतो, लोकांवर संशय घेतो, भिंतीला टेकून दुःखी होतो. शेवटी कळतं की नवरा नागपूरला लग्नाला गेला होता, आणि सकाळी बाईला तसं सांगूनच गेला होता. तिनं ऐकलं नव्हतं. ही कल्पना त्याला कुठून सुचली, ते मी विचारलं नाही. रहस्यमय सुंदरीचं काम माझ्याकडे आलं. मी शाळेत आठवीला मराठी शिकवते, त्यामुळे माणसाकडे थंड नजरेनं बघण्याचा सराव आहे, असं कारण त्यानं दिलं.

गुप्तहेर म्हणून त्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांना गाठलं. हे त्याचे जुने मित्र. माणूस इतका गंभीर, की साधी सर्दी झाली तरी आधी पेशंटला खुर्चीत नीट बसवतात आणि मग सांगतात. ते लगेच हो म्हणाले, याचं मला नवल वाटलं. म्हटलं, चला, डॉक्टरांनाही गंमत कळते.

शूटिंगला शेजारच्या सौंसर गावचा एक लग्नाचा व्हिडिओवाला आला. त्याची कला लग्नात मुरलेली. माझा क्लोजअप घेतला की बाजूनं गुलाबाच्या पाकळ्या टाकू का, असं तो दर वेळी विचारायचा. त्या परदेशी सिनेमांत खिडकीच्या पट्ट्यांमधून चेहऱ्यावर उजेडाच्या रेघा पडतात. आमच्याकडे तशी खिडकी नव्हती, म्हणून नवऱ्यानं कूलरचं बाजूचं झाकण काढलं आणि त्याच्यामागे दिवा लावला. रेघा फार सुंदर पडल्या. घरात कूलर मात्र बंद. माझ्या चेहऱ्यावरची ती गूढ तगमग पुढे सगळ्यांना आवडली. ती उकाड्याची होती.

पावसासाठी ओळखीच्या एका संत्रेवाल्याच्या बगीच्यातला फवारणीचा पंप आणला. गल्लीत भर दुपारी पाऊस सुरू झाला. त्याची रात्र व्हिडिओवाला नंतर करणार होता. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. शेजारणी दारात आल्या आणि तुम्ही रस्त्याले पाणी पाजून राहिले का, असं विचारून परत गेल्या. एक मात्र गेली नाही. ती बादली घेऊन आली.

त्या पावसात डॉक्टर लोकरी कोट घालून उभे होते. हा कोट त्यांनी लग्नानंतर पचमढीला जायला म्हणून शिवून घेतला होता, आणि पचमढीला जाणं राहूनच गेलं. आता त्यांच्या पत्नीही हयात नव्हत्या. पेशंटच्या मधल्या वेळात त्यांनी सगळे संवाद पाठ केले होते. शेवटचा संवाद होता, 'या शहरात कोणीच कोणाची वाट पाहत नाही.' तो म्हणताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. पंपामुळे ते कोणाला दिसलं नाही. मला दिसलं, कारण मी समोर उभी होते. मला वाटलं, काय अभिनय करून राहिला हा माणूस.

फिल्म दाखवली ती सौंसरला, व्हिडिओवाल्याच्या ओळखीच्या मंगल कार्यालयात, एका रविवारी संध्याकाळी. सगळे ओळखीपाळखीचे. डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. पहिल्याच दृश्यात ते कोटाची कॉलर वर करतात, लोक हसले. भिंतीला टेकतात, लोक आणखी हसले. शेवटच्या संवादाला, त्यांच्या मागून ती शेजारीण शांतपणे बादली भरून घेऊन जाते. त्यावर लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. नवरा मागे उभा राहून इतका खूश, जणू त्याच्यासाठीच जिल्हा केला होता.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते पडद्याकडेच बघत होते, हात मांडीवर, मुळीच न हलता. दिवे लागल्यावर ते हळूच म्हणाले, "वहिनी, लोक कायले हसून राहिले होते?"

मग कळलं. माझ्या नवऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की ही एकट्या माणसाची करुण कहाणी आहे. विनोदी म्हटलं असतं तर ते आले नसते, आणि आले असते तरी इतकं चांगलं केलं नसतं, असा त्याचा परतीच्या वाटेवरचा खुलासा. दिग्दर्शकाला काही गोष्टी लपवाव्या लागतात म्हणे. मी म्हटलं, मग दिग्दर्शकानं आजचा स्वयंपाक करावा. त्यानं खिचडी केली.

त्यानंतर डॉक्टर आमच्याकडे चहाला यायचे बंद झाले. रस्त्यात भेटले की मान हलवून पुढे जात. गावात मात्र त्यांचं नाव झालं. लोक दवाखान्यात शिरताना कॉलर वर करत. ते त्यांना नेहमीसारखंच खुर्चीत नीट बसवत राहिले. औषध देत राहिले.

शेवटी नवरा दवाखान्यात गेला आणि पेशंटांबरोबर बाकावर बसला. मी सोबत होते, कारण त्याची एकट्यानं जायची हिंमत नव्हती. नंबर आल्यावर डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि काय त्रास आहे ते विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टर, मी तुमच्याशी खोटं बोललो. चुकलं माझं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "तो डायलॉग म्हणताना मले वाटलं होतं, कोणी तरी ऐकून राहिलं." नवऱ्याची मान खालीच होती. डॉक्टरांनी त्याची जीभ पाहिली, नाडी पाहिली आणि पित्तावरच्या गोळ्या बांधून दिल्या.

पुढच्या आठवड्यात ते आपणहून चहाला आले. दुसरी फिल्म काढायची असेल तर ते तयार होते. फक्त या वेळेस मी समजून-उमजून विनोदी करीन, असं ते म्हणाले. तालमी सुरू झाल्या. डॉक्टर भुवया उडवतात, केळीच्या सालीवरून घसरतात, प्रत्येक वाक्यानंतर थांबून आमच्याकडे बघतात. इतकं भयाण मी आयुष्यात काही पाहिलं नाही. नवरा रोज डोकं धरून बसतो, पण एवढं झाल्यावर थोडं गंभीरपणे करा, हे सांगायला त्याला तोंड राहिलेलं नाही. तो हसतो. मीही हसते. डॉक्टर फार खुशीत असतात, आणि जाताना उद्या किती वाजता यायचं ते विचारून जातात.