चौथं चित्र

तळेघरच्या पुढे डांबरी रस्ता संपला की आणखी तासभर चालायचं, मग आमची शाळा यायची. एक खोली, पुढे पडवी, पहिली ते चौथी मिळून बारा मुलं आणि मी. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामीच होती. मी निरगुडसरची, सपाट बागायती मुलखातली. पहिल्या वर्षी त्या चढावर मला धाप लागायची आणि शाळेतली पोरं वर थांबून माझी वाट बघायची.

शाळेला कुणीतरी एक टीव्ही आणि दोन टॅब देणगी दिले होते. रेंज नव्हती, त्यामुळे टॅबमध्ये आधीच भरून दिलेले धडे तेवढे दिसायचे. त्यातली मुलं बूट-टाय घातलेली, बंगल्यात राहणारी. आमची मुलं ते धडे घरी आलेल्या पाहुण्यांकडे बघावं तशी बघायची, जरा लांबून. मला लहानपणापासून चित्रं काढायचा नाद. एका रविवारी खोलीवर बसून मी टॅबवरच एक गोष्ट काढली. पाण्याची वाफ कशी होते ते सांगणारी, आठ चौकटींची. तिच्यात अंगणात हिरडा वाळत घालणारा मुलगा होता आणि तो आमच्या चौथीतलाच एक होता. तोच पुढे आलेला दात, तोच उसवलेला खिसा.

टीव्हीवर ती पहिली चौकट उमटली तेव्हा वर्गात जो आवाज झाला तो मी आजवर विसरलेले नाही. त्यानंतर मुलांना पुस्तकातलं काही नकोच असायचं. "बाई, आज कुनाचं चित्र?" एवढंच विचारायची. मी एकेकाला गोष्टीत घालत गेले. त्याला मी कॉमिक म्हणायचे, मुलं नुसतं 'चित्र' म्हणायची.

भात कापणीच्या आधी मी सापाची गोष्ट काढली. तिकडे त्या दिवसांत साप निघतातच आणि माणसाला चावला की लोक त्याला आधी भगताकडे नेतात. मला ते मोडायचं होतं. गोष्टीसाठी तिसरीतली एक मुलगी घेतली. सगळ्यांत धीट होती, चेहराही काढायला सोपा होता. गोल, दोन घट्ट वेण्या. पहिल्या तीन चौकटींत ती संध्याकाळी टोपली घेऊन घरामागच्या सरपणाच्या ढिगाकडे जाते. चौथ्या चौकटीत घोणस तिच्या डाव्या पायाला चावते. पाचवीत ती न पळता खाली बसते आणि हाक मारते. सहावीत घरची माणसं तिचा पाय हलू देत नाहीत, दोरी आवळत नाहीत, कापत नाहीत. सातवीत जीप. आठवीत ती पायाला पट्टी बांधून वर्गात परत आलेली, भोवती मुलं टाळ्या वाजवतायत.

मुलांनी ती गोष्ट दहा-बारा वेळा तरी बघितली. त्या मुलीला तर प्रत्येक चौकटीतलं बोलणं पाठ झालं होतं. मैदानात ती खोटी खोटी बसायची आणि ओरडायची, "मला हलवू नका!"

मग एका सकाळी धुकं एवढं दाट होतं की चढावर मला माझीच पावलं परक्याची वाटत होती. वर कुणी थांबलेलं नव्हतं. मला वाटलं, कापणीमुळे आज मुलं आली नसतील. शाळेपाशी पोचले तर अकरा मुलं आत, आपापल्या जागी, गप्प बसलेली. सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. टीव्ही बंद होता. वीज आदल्या दिवसापासून नव्हती.

"काय झालं रे?" मी विचारलं.

चौथीतली एक मुलगी उभी राहिली. पाढा म्हणावा तशा सरळ आवाजात म्हणाली, "बाई, काल चौथं चित्र झालं."

मला कळलंच नाही. "म्हणजे?"

"तिला चावला. सरपनाच्या मागं. पाचवं बी झालं. सहावं बी झालं." मग तिनं शेजारणीकडे बघितलं. "जीप गेली, पन सातवं पुरं झालं का नाय ते ठाव न्हाई."

कुठल्या पायाला, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. विचारावं लागलंही नाही. मागून पहिलीतला एक बारका म्हणाला, "डावाच."

मुलांना मी घरी पाठवलं, खाली तळेघरला आले आणि मिळेल त्या जीपनं घोडेगावचा सरकारी दवाखाना गाठला. वाटेत मी स्वतःला समजावत होते. साप सरपणातच असतात. पोरी संध्याकाळी सरपणालाच जातात. पाय दोनच आहेत, डावा असण्याची शक्यता निम्मी. सगळं बरोबर होतं आणि तरी मी पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

मुलगी जिवंत होती. पाय गुडघ्यापर्यंत सुजून काळानिळा झालेला, पण डोळे उघडे. विषावरची लस वेळेत मिळाली होती. डॉक्टर म्हणाले, कुणी आवळून बांधलं नाही, चालवत आणलं नाही, हे फार चांगलं केलं. तिचे वडील भिंतीला टेकून बसले होते. मला बघून उठले.

"बाई, आमी भगताकडंच निघालो व्हतो," ते म्हणाले. "पोरगीच आयकंना. म्हनली, न्हाई, जीप. चित्रात जीप हाय. झोळीत घालून तळेघरला जीपपत्तूर न्हेली, लई रडली, पन पाय हलवला नाय. आमाला सांगत व्हती, आता तुमी असं करा, आता तसं करा. जसं काय सगळं आधी घडून गेलंय." त्यांनी खाटेकडे बघितलं. "त्या पोरीचा आवाजच येगळा येत व्हता, बाई."

त्यांनी माझे पाय धरायला वाकल्यासारखं केलं. मी मागे सरले. त्यांना वाटलं असेल, संकोचानं. खरं तर मला भीती वाटली.

तीन आठवड्यांनी ती शाळेत आली. वडिलांनी पाठकुळीला बसवून आणली होती, पायाला पट्टी. मी मुलांना टाळ्या वाजवायला सांगणार, तेवढ्यात एकजण म्हणाला, "आधी आठवं लावा बाई. बघू झालं का."

मी लावायला नको होतं. पण त्या दिवशी वीज होती, सगळे आनंदात होते, मलाही वाटलं की गोड शेवट एकदा सगळ्यांना दिसू दे. टीव्हीवर आठवी चौकट आली. मुलं तिच्याकडे बघत उठली आणि कुणी न सांगता जागा बदलायला लागली. चित्रात जो खिडकीशी होता तो खिडकीशी गेला. जी फळ्याजवळ होती ती फळ्याजवळ. पट्टीवाली मधोमध. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हसत कुणीच नव्हतं. चित्राबरहुकूम झालं पाहिजे म्हणून अगदी मन लावून वाजवत होते.

दारात दुसरीतली एक मुलगी उभी राहिली होती. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी.

"बाई, मी कुठं बसू?"

मी टीव्हीकडे बघितलं. चित्रात अकराच मुलं होती. कडेला जागा उरली नव्हती आणि काढताना मी कंटाळा केला होता. कोण राहिलं हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"कुठंही बस गं. नुसतं चित्र आहे ते."

ती बसली नाही. बाकीची मुलं तिच्याकडे वळून बघत होती आणि त्या बघण्यात चिडवणं नव्हतं. घरातल्या आजारी माणसाकडे बघतात तसं ते बघणं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तिची आई तिला हाताला धरून घेऊन आली आणि पडवीतच उभी राहिली. कापणीच्या मधून आलेली, साडीला भाताचं कुसळ चिकटलेलं.

"म्याडम, हिला त्यात घाला."

मी आईला बसवलं आणि नीट समजावलं. चित्रामुळे काही घडत नाही, साप कुठे असतात ते मला माहीत होतं म्हणून तसं काढलं, मुलगी वाचली ती लसीमुळे. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "तुमी म्हनता ते खरं हाय. पन हिला घाला."

मी टॅब काढला. मुलीला समोर बसवून काढायला लागले. आई माझ्या खांद्यामागून बघत होती. तिचा श्वास मला कानाशी ऐकू येत होता.

"कानातलं ऱ्हायलं."

मी कानातलं काढलं.

"हिचं पाय दिसत न्हाईत."

मी तिला दुसऱ्या मुलाच्या मागे बसवलं होतं, जागाच तेवढी होती. "ती बसलीये ना, म्हणून नाही दिसत," मी म्हणाले.

"दोन्ही पाय काढा, म्याडम. चपला घाला."

मी पुसलं, तिला सगळ्यांच्या पुढे आणलं, दोन्ही पाय काढले, चपला घातल्या. आता सांगायला हरकत नाही, प्रत्येक रेघ मी दोनदा तपासत होते. एखादी रेघ चुकली तर, असं मनात येत होतं. एवढी शिकलेली मी, त्या अर्ध्या तासात मीही मानत होते. आईनं शेवटी मान हलवली आणि मुलगी वर्गात जाऊन बसली.

ही गोष्ट वाडीत पसरायला वेळ लागला नाही. एक गृहस्थ मुलाच्या दाखल्याचं विचारायला म्हणून आले. दाखल्याचं बोलणं झाल्यावर जाता जाता म्हणाले, "बाई, आमच्या बांधाला एक शेजारी हाय. त्याचं येक चौथं चित्र काढता का?" आणि हसले. मीही हसले. हसणं संपल्यावर ते गेले नाहीत. तसेच उभे राहिले, उत्तराची वाट बघत. मी वर्गात शिरून मोठ्यानं पाढे म्हणून घ्यायला सुरुवात केली तेव्हा कुठे त्यांची पावलं वाजली.

त्या आठवड्यापासून मी चित्रं काढणं थांबवलं. मुलांना सांगितलं, टॅब बिघडलाय. कुणाचाच विश्वास बसला नाही, पण कुणी हट्टही केला नाही.

सापाच्या गोष्टीतली ती मुलगी आता लंगडत का होईना, चालायला लागली होती. एके दिवशी शाळा सुटल्यावर ती माझ्याबरोबर उतारापर्यंत आली. खाली दरीत ढग भरला होता. ती म्हणाली, "बाई, तुमाला आधी म्हाईत व्हतं का?"

"नाही गं."

"मग डावाच पाय का काढला?"

खरं उत्तर साधं होतं. "उजवा टोपलीच्या मागे लपला होता म्हणून. काढायला डावाच उरला."

तिनं जरा विचार केला. "माझा बी," ती म्हणाली. "माझा बी उजवा टोपलीमागंच व्हता."

टोपली समोर धरून, एक पाय मागे ठेवून ढिगाशी वाकायचं, हे तिथल्या सगळ्याच पोरी करतात. मीच तर त्यांना बघून तसं काढलं होतं. यात न समजण्यासारखं काही नाही, हे मी स्वतःला तेव्हा सांगितलं, अजूनही सांगते. पण त्या उतारावर मला मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

"बाई, नववं काढू नका हां," ती म्हणाली.

"नाही काढणार," मी म्हणाले. तो शब्द मी पाळला.

दोन वर्षांनी माझी बदली पिंपळवंडीच्या बाजूला झाली. शाळेला चारी बाजूंनी ऊस. बस दारात येते, रेंज आहे, वर्गावर्गात टीव्ही आहे. तिथल्या मुख्याध्यापकांना माझ्या चित्रांचं कुठून तरी कळलं होतं. म्हणाले, बिबट्याची गोष्ट काढा, मुलांनी काय काळजी घ्यावी ते सांगणारी. आपल्याच मुलांना घ्या, म्हणजे मन लावून बघतील. मी गोष्ट काढली, पण कुणाला घेतलं नाही. कुणासारखीच न दिसणारी एक मुलगी काढली. केस मोकळे नाहीत, वेण्या नाहीत, डोक्याला रुमाल. चेहरा जेवढा कमी काढता येईल तेवढा कमी. उसाच्या कडेनं ती चाललीये आणि पानांत दोन डोळे.

टीव्हीवर लावली तेव्हा मुलं विचारायला लागली, "बाई, ही कोन?"

"कुणी नाही."

"कुनी न्हाई कशी? कुनीतरी आसंलच की."

मी पुढची चौकट लावणार, एवढ्यात मधल्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "बाई, ती माझ्यासारखी चालतीया."

वर्ग हसला. मी मात्र तिच्याकडे बघितलं. मी तिला कधी नीट पाहिलेलंही नव्हतं, नुकतीच दुसऱ्या गावाहून आलेली. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घर कुठे आहे ते विचारलं. उसाच्या पल्याड, पाटाच्या कडेनं जावं लागतं, म्हणाली. सोबत कुणी नसतं. आई कारखान्याला कामाला जाते.

मी पर्स उचलली, वर्गाला कुलूप लावलं आणि तिला म्हणाले, "चल."

ऊस दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर गेलेला. आम्ही मोठ्यानं बोलत चाललो, कारण तसं करायला मीच चित्रात लिहिलं होतं. तिचं घर आलं. शेजारच्या बाईंना मी सांगून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वस्तीवरची पाच मुलं एकत्र जायला लागली. अजून जातात. पहिले काही दिवस मी त्यांच्याबरोबर जायचे. पाटावरच्या वळणाशी आलं की मुलं आपोआप गप्प व्हायची, आणि मग मी सगळ्यांत मोठ्यानं बोलायला लागायचे.