उपरण्याची गाठ

कुणी वाकडं वागलं तर कंपाउंडर भांडत नसे. खांद्यावरचं उपरणं पुढे ओढायचा, त्या माणसाच्या डोळ्यांदेखत टोकाला एक गाठ मारायचा आणि म्हणायचा, "बांधली हाय. फिटली की सोडीन." मग काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुन्हा बाटल्या पुसायला लागायचा.

अशी डूख धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बहुतेकांचा राग चार दिवसांत निवतो. ह्याचा निवत नसे. पोलादपूरच्या हॉटेलवाल्यानं एकदा त्याला शिळी भजी दिली. गाठ. दोन महिन्यांनी तोच हॉटेलवाला दाढ धरून दवाखान्यात आला. कंपाउंडरनं त्याला तासभर बाकावर बसवलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "सोताचीच भजी खाल्ली, बघा काय झालं." मग दाढेत लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला आणि तिथंच गाठ सोडली. उपरण्यात दुसऱ्या कुणाकुणाच्या तीन गाठी होत्याच.

मी तेव्हा महाडला दवाखाना कमिटीच्या कचेरीत कारकून होतो. पोलादपूरचा दोन खोल्यांचा दवाखाना आमच्याच कमिटीचा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा महाडहून सर्विस मोटारीनं जात. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे कंपाउंडर.

एकदा बाजाराच्या दिवशी मला तिथली वही तपासायला पाठवलं. ओटा बायकांनी भरला होता, उमरठकडच्या आणि वरच्या वाड्यांतल्या. वहीत रोग्याचं नाव, गाव आणि लग्न झालेली बाई असेल तर नवऱ्याचं नाव असे रकाने होते. मी ऐटीत लेखणी घेऊन बसलो. पहिली आली ती सगुणा. उमरठची, विशीतली, पायात काटा मोडून पाय हा एवढा सुजलेला.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारलं.

तिनं पदर तोंडात धरला आणि भिंतीकडे बघून हसायला लागली. मी पुन्हा विचारलं, तेव्हा सगळा ओटा हसायला लागला. कंपाउंडरनं माझ्या हातातली लेखणी काढून घेतली.

"भाऊसाहेब, ती नाव घेणार नाय. चारचौघांत घेतलं तर सासू उंबऱ्याच्या आत घेणार नाय. सोडा." मग तिला म्हणाला, "ये गो, पाय दाव."

"आणि वहीत?"

"रकाना रिकामा ठेवला की तुमची कचेरी शेरा मारते. म्हणून मी ह्यांना लिहीतच नाय. औषध देतो."

मलाही हसू आलं. त्या दिवशी ओट्यावर तीस-पस्तीस बायका होत्या. वहीत सात नावं, सातही पुरुषांची.

पुढच्याच वर्षी महाडच्या दवाखान्याला दगडी वॉर्ड बांधायचं ठरलं. अध्यक्ष वकील होते आणि हा वॉर्ड म्हणजे त्यांच्या घरचंच कार्य असल्यासारखे वावरत. वॉर्डाला सामान हवं, माणसं हवीत. तेव्हा जिथं रोगी सर्वांत कमी तो दवाखाना बंद करून तिथलं सगळं महाडला आणायचं, असा ठराव झाला. वह्या बघून तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. सर्वांत कमी रोगी पोलादपूरचे निघाले.

ती वही अर्धीच आहे हे साऱ्या कचेरीत मला एकट्याला ठाऊक होतं. अध्यक्षांनी विचारलं, "तक्ता बरोबर आहे ना?" मी म्हणालो, "वहीप्रमाणे बरोबर आहे." हेडक्लार्कची जागा रिकामी व्हायची होती. मी तोंड मिटून बसलो, एवढीच काय ती हकिकत.

कपाट, टेबल, बाटल्या, औषधाचा काटा, बाक, सगळं बैलगाडीत भरून आलं. गाडीमागून कंपाउंडर चालत आला, पोलादपूरपासून महाडपर्यंत. "ज्या बाया वहीत नायत, त्यांनी जायचं कुठं?" त्यानं अध्यक्षांना विचारलं.

"वहीत नाहीत ते रोगी कमिटीनं कुठून धरायचे?" अध्यक्ष म्हणाले.

कंपाउंडरनं उपरणं ओढलं आणि त्यांच्यासमोर गाठ मारली. मग माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता तो. मी कागद सारखे करत राहिलो. माझ्या नावाची गाठ मात्र त्यानं तेव्हा मारली नाही. महाडच्या नोकरीत न राहता तो पोलादपूरला परत गेला.

महिन्याभरात सगुणा अडली. पहिलं बाळंतपण. घरच्यांनी तिला डोलीत घालून उमरठहून सवयीनं पोलादपूरलाच आणलं. दाराला कुलूप. दवाखाना बंद झाला नसता, तर त्या दिवशी डॉक्टर तिथं असते. कंपाउंडरच्या घरात औषधाची एक बाटली नव्हती. त्यानं डोलीचा बांबू स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि मंडळी महाडच्या वाटेला लागली. महाडची कौलं दिसायला लागली तिथं, सावित्रीच्या काठावर, ती गेली. हे मला डोली वाहणाऱ्यांनी सांगितलं.

वॉर्डाच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब यायचे होते. अध्यक्षांनी भाषण महिनाभर घोकलं होतं, कचेरीत आम्हाला दोनदा म्हणून दाखवलं होतं. दारात फीत, आत सरबत, आणि नव्या वॉर्डाची पहिली नावं लिहायला टेबलाशी मी. साहेब गाडीतून उतरले आणि त्यांच्या मागोमाग कंपाउंडर आला. त्याच्या मागे चाळीसभर बायका, काहींच्या कडेला पोरं. सरळ फितीपाशी येऊन रांगेत उभ्या राहिल्या.

"नावं लिहा, भाऊसाहेब," तो म्हणाला.

पहिलीला मी नवऱ्याचं नाव विचारलं. तिनं पदर तोंडात धरला. दुसरीनंही. तिसरीनंही. ह्या वेळी कुणी हसलं नाही. रांग हलेना, आणि बायका दारातून हटेनात. उन्हात साहेबांचा चेहरा लाल झाला. अध्यक्ष हात जोडत इकडून तिकडे धावू लागले. कुणाला तरी "अहो बाई, सरका ना!" म्हणताना त्यांची पगडी सुटली. मला सांगायला हरकत नाही, ते बघून फार बरं वाटलं.

"काय प्रकार आहे हा?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, पोलादपुरात जे रोगी नव्हते म्हणतात ना, त्येच हे," कंपाउंडर म्हणाला. "भाऊसाहेबांनी डोळ्यांनी बघितलेत. विचारा त्यांना."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही ह्या बायकांना पोलादपूरच्या दवाखान्यात पाहिलं होतं?"

एक "हो" म्हटलं असतं तर चौकशी लागली असती आणि दवाखाना उघडला असता. अध्यक्ष माझ्याकडे टक लावून बघत होते.

"नाही, साहेब," मी म्हणालो.

बायका दारातून हटल्याच नाहीत, तेव्हा साहेब फीत न कापता निघून गेले. भाषण अध्यक्षांच्या पोटातच राहिलं आणि नंतर वर्षभर महाडची पोरं त्यांना त्यावरून चिडवत. कंपाउंडरनं त्यांची गाठ तिथंच सोडली. मग त्याच टोकाला नवी मारली, दातांनी आवळून. "ही तुमची, भाऊसाहेब," तो म्हणाला.

मी हेडक्लार्क झालो. तिसऱ्या आठवड्यात एके सकाळी माझ्या घराच्या ओटीवर डोली उतरली. आत वरंधकडची, पोलादपूरला माहेरी आलेली एक म्हातारी कण्हत होती.

"इथं का आणलीत?" मी ओरडलो.

"कंपाउंडरांनी सांगितलंय. महाडला भाऊसाहेबांच्या ओटीवर उतरवा. नवऱ्याचं नाव नसलं तरी त्ये लिहून घेतात."

मी त्यांना वाट्टेल ते बोललो. बायकोनं मला बाजूला सारलं आणि म्हातारीला पाणी पाजलं. शेवटी मीच पुढे होऊन तिला दवाखान्यात दाखल करून आलो. चार दिवसांनी दुसरी डोली. मग कधी दोन-दोन. जेवणाच्या पानावरून उठावं लागे. पाहुणे यायचे बंद झाले. एकदा रागारागानं पोलादपूर गाठलं आणि कंपाउंडरला विचारलं, "किती दिवस चालणार हे?"

"गाठ सुटेस्तवर," तो म्हणाला आणि आत निघून गेला. बसासुद्धा म्हणाला नाही.

सात-आठ वर्षं त्यानं मला असं झिजवलं. सुरुवातीला मी त्याला रोज शिव्या घालत असे. मग एक वही घातली. बाईचं नाव, गाव, दुखणं. नवऱ्याच्या नावाचा रकानाच आखला नाही.

शेवटी एक डोली आली ती त्याची. अंगावर सूज, श्वास लागलेला. मी म्हटलं, "कंपाउंडर, आधी दवाखान्यात चला."

"थांबा. वही आणा. नाव लिहा माझं."

मी लिहिलं. मग त्यानं वही मागितली आणि पहिलं पान उघडलं. सर्वांत वर मी सगुणाचं नाव लिहिलं होतं. ती कधी माझ्या ओटीवर आली नव्हती. त्यानं त्या नावावर बोट टेकवलं. मग त्याचा हात उपरण्याच्या टोकाशी गेला. मला लाज वाटते, पण मी आशेनं पाहत होतो.

"नाय, भाऊसाहेब," तो म्हणाला. "ही सोडायची नाय. सोडली तर डोल्या कुठं उतरतील?"

तिसऱ्या दिवशी त्याच दगडी वॉर्डात तो गेला. त्याच्या माणसांनी उपरणं मला आणून दिलं. का, ते मी विचारलं नाही. ओटीच्या खुंटीला टांगून ठेवलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दारात डोली थांबली. आत एक पोरगी होती, पदर तोंडात धरलेली. डोलीवाले खाली न टेकवता तसेच उभे राहिले.

"कंपाउंडर तर गेले," त्यांच्यातला एक चाचरत म्हणाला. "आता उतरवू का नको?"

मी खुंटीकडे पाहिलं.

"उतरवा," मी म्हटलं, आणि वही आणायला आत गेलो.