एकशे चाळीस वाव लांबीची बोट

माझे वडील लढाईत मेले, असं आमच्या वाडीने आपसांत ठरवून टाकलं होतं. ते आगबोटीवर सुतार होते. बोट सिंगापूरच्या बंदरात उभी असताना जपान्यांनी ते शहर घेतलं, एवढी बातमी आली, आणि मग साडेतीन वर्षं काहीच आलं नाही. पगार थांबला. आई काथ्याच्या कामाला जायला लागली. खाडीच्या चिखलात महिनोन्‌महिने कुजत घातलेली नारळाची सोडणं उपसायची आणि लाकडी दांड्याने कुटून त्यांचा काथ्या काढायचा. तो कुजका वास तिच्या हातांतून कधी गेला नाही. तिने वाढलेल्या पेजेलाही तो लागायचा. पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा मिळाला तर आमचा सण.

शेजारची बाई एकदा सोडणं कुटता कुटता तिला म्हणाली, "बाये, आता कुंकू कित्याक लावतंस? लोक हसतत."

आईने दांडा थांबवला नाही. "माका तेंचां मढां दाखव, मगे पुसतंय."

मढं कोणी दाखवू शकलं नाही, कारण वडील जिवंत होते. लढाई संपल्यावर काही महिन्यांनी ते मुंबईच्या बोटीने बंदरात उतरले. माणूस नव्हता तो, कपडे वाळत घालायची काठी होती. मी त्यांना ओळखलं नाही. आईने ओळखलं आणि पहिल्यांदा चूल पेटवली, रडली नंतर.

आठवडाभराने ते किनाऱ्यावरच्या खोपीत गेले. होड्या दुरुस्त करायची ती जागा. तिथे चार माणसं बसायची, तंबाखू मळायची. लोकांनी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. जपान्यांनी त्यांना कैदी करून पाणी वाहणाऱ्या सपाट बार्जीवर घातलं होतं. सिंगापूरच्या खाली, बेटांच्या आडोशाला जपानी आरमार नांगरून असायचं, त्याला गोडं पाणी पोचवायचं काम. तिथे त्यांनी एक लढाऊ बोट पाहिली. नऊ तोफा. एकेका तोफेच्या तोंडात लहान पोर शिरेल. नाळीवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, सोन्याचं फूल. आणि लांबी एकशे चाळीस वाव.

वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. आमच्याकडे पाण्याची खोली वावेने मोजतात, दोर वावेने मोजतात. एका वावेचे सहा फूट. एकशे चाळीस वाव म्हणजे आमच्या देवळापासून पार कस्टमच्या बंगलीपर्यंत.

खोपीत एक पेन्शनर तांडेल, खलाशांचा जुना मुकादम, बसायचा. जन्मभर साहेबाच्या आगबोटींवर काढलेला, लढाईचे बिल्ले छातीवर लावून सणाला फिरणारा. त्याचा शब्द म्हणजे वाडीचा शब्द. तो हसला.

"एकशे चाळीस? मेल्या, इंग्रजाकडे नाय तसली बोट! उपाशी पोटान बगलंस, म्हणान होडयेचां जहाज दिसलां तुका."

"मी मोजलंय," वडील म्हणाले.

"आनी फूल? सोन्याचां? वेणयेत माळूक?"

सगळी खोपी हसली. त्या दिवसापासून माझ्या वडिलांचं नाव पडलं 'जपानी', आणि मी 'जपान्याचो झील', जपान्याचा पोरगा.

नावाचं काय, नावं सगळ्यांनाच पडतात. पण आमच्याकडे मचवा, म्हणजे मोठी शिडाची होडी, कागदावर काढत नाहीत. मिस्त्री हात पसरतो, नजर लावतो आणि सांगतो, इतकं लाकूड, इथे बाक. त्याच्या तोंडच्या मापावर मालक फळ्या कापतो. ज्याच्या मापाला गाव हसतं, त्याला मचवा कोण देणार? लढाईपूर्वी तीन मचवे बांधलेल्या माणसाला दुसऱ्यांच्या होड्यांच्या सांध्यांत कापूस ठोकत बसावं लागलं. त्यांनी ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. पण मागेही घेतली नाही. कोणी 'जपानी' म्हणून हाक मारली की 'ओ' देत.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मुद्दाम लिहितो, कारण त्यात आईचे तळवे सोलवटलेले आहेत. मालवणहून एस.टी.ने आंबोलीचा घाट चढून मी सायन्सला गेलो. तिथल्या ग्रंथालयात लढाईनंतर छापलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं, जगातल्या आरमारांचं. मी ते रसायनशास्त्राचं पुस्तक शोधताना उघडलं आणि बाकावर बसलो. त्यात ती बोट होती. नऊ तोफा, तीन-तीन तोफांचे तीन बुरूज, दोन पुढे, एक मागे. धुराडं मागे कललेलं. जगात आजवर बांधलेल्यांत सगळ्यात मोठी लढाऊ बोट, असं स्वच्छ लिहिलं होतं. जपान्यांनी ती इतकी लपवून बांधली होती की लढाई चालू असताना इंग्रजांनाही तिचं खरं माप ठाऊक नव्हतं. मग आमच्या तांडेलाला कुठून असणार! नाळीवरच्या फुलाचंही लिहिलं होतं. त्यांच्या बादशहाचं शेवंतीचं फूल.

खाली लांबी दिली होती. आठशे त्रेसष्ट फूट.

मी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. एकशे चाळीस गुणिले सहा. आठशे चाळीस.

तेवीस फूट कमी. पुन्हा केला. आकडे बदलेनात. लबाडी नव्हती, हे तर दिसतच होतं. पण माप चुकलं होतं, आणि सगळा प्रश्न मापाचाच होता. तांडेल म्हणेल, बोट खरी, पण मिस्त्री खोटा. मी तरीही पुस्तक मिटलं नाही. ते घरी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून रोज दुपारी बसून पातळ कागदावर बोटीची आकृती उतरवून घेतली. बाजूने, वरून, समोरून. पंधरा-सोळा दुपारी गेल्या.

मे महिन्याच्या सुट्टीत घरी आलो आणि कागद वडिलांसमोर पसरले. त्यांनी चष्मा लावला आणि धुराड्यावर बोट ठेवलं.

"हीच," म्हणाले.

मी धीर करून तेवीस फुटांचं सांगितलं. मला वाटलं, त्यांचा चेहरा पडेल. ते माझ्यावरच उखडले.

"कॉलेजात काय शिकवतत रे तुमका? माझी बार्जी धा वाव. पाणी भरताना बोटीच्या कुशीक लावन एकेक बार्जीन फुडे सरकवूची. चवदा येळा लागली. मी पाण्यार मोजलंय. नाळ फुडे झुकलेली आसा, तिच्या पोटाखाली बार्जी खंय जातली?"

मी फूटपट्टी घेतली. नाळीच्या टोकापासून नव्हे, पाण्याच्या रेषेवरून मोजलं. कागदावरचं माप फुटांत बदललं. आठशे चाळीस. एक फूट इकडे नाही, एक फूट तिकडे नाही.

"बाबा," मी म्हटलं, "ही बोट आपण बांधूया. घरात."

"कित्याक?"

"खोपीत नेऊक."

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. बारा वर्षांत त्या माणसाने कोणाला उत्तर दिलं नव्हतं. मग विचारलं, "माप काय धरूया?"

एका इंचाला बारा फूट धरले. पूर्ण बोट बहात्तर इंचांची झाली. तेवढी मोठी आकृती कागद जोडून काढली, आणि वडिलांनी दोन्ही हात पसरून तिच्यावर धरले. बरोबर एक वाव.

दोन उन्हाळे लागले. सांगाड्याला पांगाऱ्याचं लाकूड घेतलं, सावंतवाडीची खेळणी करतात ते. हलकं आणि सुरीला ऐकणारं. मोठ्या तोफांना साळिंदराचे काटे. ते आंबोलीच्या एका दुकानदाराने मला जंगलातून आणवून दिले. काळे-पांढरे, पोकळ, एका टोकाला निमुळते. बारीक तोफा माडाच्या झावळीच्या हिरांच्या. कठड्याला जाळं विणायचा दोरा. धुराडं करायला वडिलांना चार दिवस लागले, कारण त्याचा कल त्यांना कागदापेक्षा आठवणीतून हवा होता. वाडीतली माणसं कुंपणावरून बघायची.

"कॉलेजात शिकान बाहुल्यो करतंस काय रे?"

"होय," मी म्हणायचो. "तुझ्यासाठीच करतंय. थांब वायच."

एक चूक झाली, ती लिहिली पाहिजे. आकृतीत नाळीच्या तळाशी, पाण्याखाली, एक गोल फुगवटा होता. मी तो पांगाऱ्यात कोरून ठेवला आणि दोन दिवसांसाठी कट्टा गावच्या बाजाराला रंग आणायला गेलो. परत आलो तर फुगवटा नाही. वडिलांनी रंध्याने तासून टाकला होता. नाळ लखलखीत, मचव्यासारखी धारदार.

"हय गळगंड होतो," ते म्हणाले. "काढून टाकलंय. तू उतरवताना चुकलंस. पाणी कापूक नाळ धारेची होई."

"बाबा, तो तसाच आहे. त्याने बोट हलकी चालते, पाणी कमी अडतं. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तक लिवणारो कधी मचव्यात बसलो?"

तीन दिवस आमचं बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी पाहिलं तर ते परसात पाण्याने भरलेल्या दगडी डोणीशी बसले होते. हातात पांगाऱ्याचे दोन तुकडे, एक धारेचा, एक फुगवट्याचा. दोऱ्याने ओढून बघत होते. किती वेळ चाललं होतं देव जाणे. मला बघून म्हणाले, "तुका काय तो फरक हाताक लागाचो नाय. माका लागलो." आणि फुगवटा परत चिकटवून दिला, माझ्यापेक्षा सुबक. मग रंधा बाजूला ठेवत म्हणाले, "पाण्याखालचां मी बगलंय नाय. थंय मी चुकतलंय. वयलां बगलंय. थंय चुकाचंय नाय."

फूल आईने केलं. वडिलांच्या जुन्या कोटाचं पितळी बटण घासून, त्याच्या कडा सुईच्या टोकाने कोरून. सोळा पाकळ्या. तिने एकच विचारलं, "ह्याच फुलाक हसले मा?"

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस यायच्या आधी, होड्या वर ओढायचा दिवस होता. सगळी वाडी किनाऱ्यावर असते तेव्हा. मी नि वडील बोट फळीवर ठेवून दोघांच्या खांद्यांवरून घेऊन गेलो आणि खोपीत मधोमध मांडली. मी कागद उलगडला आणि पुस्तकात लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचलं. इंग्रजी आधी, मग मालवणी.

माणसं वाकवाकून बघत होती. एकाने साळिंदराच्या काट्याला बोट लावलं, वडिलांनी त्याचं मनगट बाजूला केलं. पेन्शनर तांडेल आता बराच म्हातारा झाला होता, पण आवाज तोच.

"बोट बरी केलास. पण कागद सायबाचो, बोट झिलाची. तुजां माप खंय आसा? एकशे चाळीस वाव म्हणालेलंस."

मला तेच हवं होतं. पण मी बोलायच्या आधी आई पुढे झाली. तिच्या डोक्यावर सुंभाचं भेंडोळं होतं, तिने स्वतः वळलेल्या काथ्याचं. तिने ते वडिलांच्या पायाशी टाकलं.

वडिलांनी सुंभाचं एक टोक तांडेलाच्या हातात दिलं. "हां धर आनी चल."

तांडेल चालायला लागला, देवळाच्या दिशेने. वडील खोपीशी उभे राहून दोन्ही हात पसरून सुंभ सोडत होते आणि मोजत होते. माणसंही त्यांच्याबरोबर मोजायला लागली. साठनंतर हसणं थांबलं. शंभराला तांडेल रांपणीचं मोठं जाळं नेणाऱ्या होड्यांच्या पलीकडे गेला होता. एकशे चाळीसला वडिलांनी हात खाली घेतले. तांडेल देवळाजवळ पोचला होता. खोपीतून तो गुडघ्याएवढा दिसत होता.

मी सरकारी मोजणीदाराकडून मागून आणलेली मोजायची फीत लावली. आठशे छत्तीस फूट.

"चार फूट कमी," कोणीतरी म्हणालं.

"म्हातारो झालंय," वडील म्हणाले. "हात आखडले."

आता लोक हसले ते त्यांच्या बाजूने. आम्ही सगळे चालत तांडेलापर्यंत गेलो. तो सुंभ सोडायला तयार नव्हता. वळून दूरच्या खोपीकडे बघत उभा होता.

"येवडी?" त्याने विचारलं.

"येवडी," वडील म्हणाले. "आनी नाळ हयसून फुडे. आजून चार वाव."

तांडेलाने पुढे बघितलं, देवळाच्या पायऱ्यांकडे. चुकलं असं तो म्हणाला नाही. तशी माणसं म्हणत नाहीत, आणि आम्हाला त्याची गरजही नव्हती. सुंभ गुंडाळत तो वडिलांना म्हणाला, "दिवाळयेनंतर माझ्या पुतण्याचां लाकूड येताहा. माप घेवक ये."

मी त्याच वर्षी बी.एस्सी. झालो. वडिलांनी त्या थंडीत पुतण्याचा मचवा बांधायला घेतला आणि पुढच्या हंगामात तो पाण्यात गेला. त्यानंतर त्यांनी आणखी चार मचवे बांधले, सगळे त्यांच्या तोंडच्या मापावर. लढाऊ बोट आमच्या माजघरात आहे. बहात्तर इंच.