बबनदादाचा कडू घास

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातून चहा आला आणि बोल मलाच लागला.

तर मी दत्तू. आळे गावात माझी पिठाची गिरणी आहे. दळण होईस्तोवर माणूस गप्प बसू शकत नाही, त्यामुळं गावातली बातमी आधी माझ्याकडं येते, मग गावाला कळते. कुणाची सोयरीक जुळली, कुणाची म्हैस व्याली, लोक मला विचारून खात्री करायचे. "दत्तूनं सांगितलं म्हंजी खरं," असं माझं नाव होतं. होतं म्हणतोय, ध्यानात घ्या.

माझा शेजारी बबनदादा. भिंतीला भिंत. माणूस बैलगाड्याचा नादी. मागं एकदा घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या चढावर, शर्यत बघता बघता त्याला भोवळ आली. डॉक्टर म्हणाले, बीपी. तेव्हाच त्याच्या बायकोनं, म्हणजे सुमनवहिनींनी, त्याला देवापुढं उभा करून शब्द घेतला, की शर्यत नाही, आरडाओरडा नाही, जिवाला घोर लागंल असलं काहीच नाही. वहिनी शब्दाच्या पक्क्या. हाताच्याही.

आता झालं असं, की वहिनी चार दिवस माहेरी गेल्या, अवसरी बुद्रुकला. आणि बबनदादा एकदम बदलला. फोनवर हळू आवाजात बोलायचा. मी भिंतीपाशी गेलो की "बरं, ठेवतो" म्हणायचा. आता मला सांगा, माणसाला चैन पडंल का? मला दोन घास गोड लागेनात. ज्वारीच्या दळणात मी गहू ओतले. बायको म्हणाली, "तुमाला काय करायचंय त्यांच्या फोनशी?" आता या प्रश्नाला काय उत्तर असतं का, राव?

मग एका सकाळी त्याच्या दारात जीप आली. पुण्याचा भाचा रोहन आणि त्याची मित्रमंडळी, पोरं आणि पोरीही. बबनदादा कानाला टॉवेल गुंडाळून, वाकून, चोरासारखा आत बसला. मी भिंतीवरून विचारलं, "दादा, कुठं?" त्यानं ऐकलंच नाही असं केलं. जीप गेली.

मी दिवसभर गिरणीतून घरी, घरातून भिंतीपाशी, भिंतीपासून रस्त्यावर. एवढ्या सकाळी, डोकं बांधून, बायको घरात नसताना माणूस कुठं जाईल? दवाखान्यातच की. माझं मन म्हणालं, दत्तू, दादाचं काहीतरी बिनसलंय आणि तो आपल्यापासून लपवतोय.

दिवस कलायला जीप परत आली. दोन पोरांनी दोन्ही बगलांत धरून बबनदादाला उतरवलं. पाय नुसते फरफटत होते. ओट्यावरच्या बाजेवर आडवं केलं. तोंडावर टॉवेल पसरला. आणि ती सगळी पोरं भिंतीला टेकून, डोकं धरून बसली. एका पोरीचे डोळे लालभडक. ती एवढंच म्हणाली, की शेवटी शेवटी मामा नुसतं 'सुमन, सुमन' करत होते.

मी डोक्यावरची टोपी काढली. दादा गेला.

तुम्ही म्हणाल, पलीकडं जाऊन विचारायचं होतं. अहो, कसं विचारणार? दुःखाच्या घरी कुणी विचारतं का? तिथं जाऊन मुकाट बसायचं असतं. उठताना 'येतो' सुद्धा म्हणायचं नसतं. आपल्यात हे काय कुणाला शिकवावं लागतं?

मी डोळे पुसले आणि कामाला लागलो. पहिला फोन अवसरीला, वहिनींच्या भावाला. त्याला खरं सांगितलं आणि बजावलं, की वहिनींना यातलं काही बोलू नको, तब्येत जरा बरी नाही एवढंच सांग आणि घेऊन ये. रीतच आहे ती. मग गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बबनदादाचा फेटा बांधलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. हात जोडलेल्यांची नुसती रांग लागली. पिंपरी पेंढारच्या एकानं विचारलं, माती कधी? मी कळवलं, अवसरीची माणसं आल्यावर.

तोवर हिनं पिठलं टाकलं होतं, भाकऱ्या थापल्या होत्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, मग शेजाऱ्यानं पिठलं-भाकरी न्यायची. आमच्याकडं त्याला कडू घास म्हणतात. खरं तर तो माती झाल्यावर द्यायचा. पण ही म्हणाली, पोरं शहरातली, पांढरीफटक पडलीत, त्यांना तरी आधी द्या. मी टोपलं घेऊन गेलो. अंगणात माणसं जमायला लागली होती. टोपी काढायची, खाली बसायचं, मान घालायची.

आणि ती पोरं पिठल्यावर तुटून पडली हो! मयताच्या उशाशी बसून! एक जण बोटं चाटत मला विचारतो, "काका, ठेचा आहे का?"

मी मनात म्हटलं, शहरात माणुसकी राहिली नाही ती नाहीच.

तेवढ्यात बाजेवरचा टॉवेल हलला. वाऱ्यानं हलला असंल म्हणून मी दुर्लक्ष केलं. मग टॉवेल बाजूला झाला, बबनदादा कोपरावर उठला, नाक ओढून वास घेतला आणि म्हणाला,

"दत्तू, कांदा फोड रं."

पुढच्या रांगेतलं एक म्हातारं पाठीमागं कलंडलं. बबनदादानं अंगणभर नजर फिरवली. एवढी माणसं, सगळ्यांच्या माना खाली. त्याचा चेहरा पडला. हळूच उठला, टोपी हातात घेतली आणि चपलांचं दुकान चालवणारे सलीमभाई पुढं बसले होते, त्यांच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसला. स्वतःच्याच मयताला. थोडा वेळ मान घालून दुःख केलं आणि मग कानाशी लागून विचारलं, "सलीमभाई, कोण गेलं?"

सलीमभाई म्हणाले, "आतापर्यंत तरी तुमीच, बबनशेठ."

सगळं अंगण माझ्याकडं बघायला लागलं. त्या नजरा अजून आठवतात मला.

मग उलगडा झाला. रोहन आणि त्याच्या मित्रांना नाद आहे रोलर कोस्टरचा. आपल्याकडं गाड्यामागं घाट-घाट फिरतात ना, तशी ही पोरं पाळण्यांमागं गावोगाव फिरतात. माळशेज उतरून पलीकडं एका पार्कात नवीन रोलर कोस्टर आलाय, तो बघायला निघालेली. बबनदादानं भाच्याला गळ घातली, मलाही न्या. आणि मला का नाही सांगितलं? तर म्हणे, दत्तूला सांगितलं तर अवसरीला आपल्याआधी कळंल.

तिथं तो एकदा नाही, थांबेचना. पोरं नको म्हणत असताना शेवटच्या डब्यातही बसला, आणि तिथंच त्याचं 'सुमन, सुमन' सुरू झालं. मग येताना घाटातली वळणं लागली आणि सगळ्यांचीच डोकी फिरली. पोरीचे डोळे वाऱ्यानं लाल झालेले. संपलं.

पण माणसं उठायचं नाव घेईनात. सलीमभाईंनी विचारलं, कसा असतो तो? झालं, बबनदादा टोपी घालून, पिठलं-भाकरी पुढ्यात ओढून सावरून बसला. म्हणाला, "आपला गाडा घाटात खालनं वर पळतो का न्हाई? ह्यो वरनं खाली सुटतो. आन् बैलच न्हाईत. कासरा धरायचा कुनाचा?"

पोरांनाही चेव आला. एक म्हणाला, पहिल्या उतारापेक्षा दुसरा भारी, तिथं बुड सीटवरून उचललं जातं. लाल डोळ्यांची पोरगी म्हणाली, नाही, शेवटचं वळण. मागच्या डब्यात बसल्याशिवाय ते कळतच नाही. वाद पेटला. रडायला आलेली माणसं पुढं सरकून सरकून ऐकत होती.

अन् रस्त्यावर हॉर्न वाजला. अवसरीची जीप.

बबनदादाचा रंग उडाला. बाजेवर झेप टाकली, टॉवेल तोंडावर ओढला आणि आतून म्हणाला, "दत्तू, मेलोय म्हनूनच सांग."

वहिनी हंबरडा फोडतच आल्या. वाटेत भावाचं तोंड बघूनच त्यांनी ओळखलं होतं. बाजेवर पडल्या, टॉवेल ओढला, आणि रडता रडता थांबल्या. नवऱ्याच्या मिशीला पिठलं होतं. ताजं. त्यांनी मिशीकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. रोहननं घाबरून सगळं सांगून टाकलं. मग बबनदादाचं काय झालं ते सांगत नाही, घरातली गोष्ट आहे. एवढंच सांगतो, की त्याला कायमचंच मेलेलं बरं वाटलं असंल.

माझ्याकडं वळून वहिनी फक्त म्हणाल्या, "भावजी, अवसरीपास्नं जीव मुठीत धरून आले मी."

मी पाया पडलो त्यांच्या.

पुढं राग निवला. आणि गंमत बघा, गावात दुसरा विषयच उरला नाही. बचत गटाच्या बायकांनी ठरवलं, आपण जाऊन यायचं. पुढारी कोण? सुमनवहिनी! जीपही सांगितली. पण धाकधूक होतीच. ज्याला त्याला विचारायच्या, भीती कितपत? बबनदादाला विचारायच्या, सलीमभाईंना विचारायच्या, जे तिकडं फिरकलेही नव्हते. मला सोडून सगळ्यांना.

गिरणीत दळण यायचं, पण बाया गप्प. बातमीवाचून मी, म्हणजे पाण्यावाचून मासा. शेवटी कुणाला न सांगता एसटीनं गेलो आणि बसलो त्या रोलर कोस्टरवर. काय सांगू, वर चढताना साखळी कडकड वाजते, आमच्या गिरणीचा पट्टा सटकायच्या आधी वाजतो तशी. मग माथ्यावर क्षणभर सगळं गप्प. मग आपण खाली आणि काळीज वरच. उतरलो तेव्हा मन असं हलकं झालं होतं, की मी परत रांगेत उभा राहिलो.

आलो तो तडक बबनदादाच्या ओट्यावर. सगळ्या बायका बसल्या होत्या. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत खरं खरं सांगितलं, एक अक्षर वाढवलं नाही. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"स्वतः बसला व्हता?"

"स्वतः. दोनदा."

"पट्टा घट्ट असतो?"

"लई घट्ट. कायबी भ्या न्हाई, वहिनी. माज्या शब्दावर जावा."

वहिनी उठल्या, आत जाऊन फोन घेऊन आल्या आणि माझ्यासमोरच जीपवाल्याला म्हणाल्या, "जीप नको रं बाबा, जानं रद्द. दत्तूभावजी म्हनत्यात, भ्या न्हाई."