साबणाचे बुडबुडे

एकट्या माणसाने सात जणांची जुनी गाडी घेतली, ही माझी चूक. आयटीतला मुलगा बंगळुरूहून सहकुटुंब आला की सगळ्यांना खडकवासल्याला न्यायचा बेत होता. ती मंडळी आली नाहीत. गाडी मात्र रोज सकाळी मागच्या उजव्या चाकावर बसलेली दिसायची. तिला स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या आहेत, हे मला घेतल्यावर कळलं.

मी ती वारज्याच्या एका मेकॅनिककडे नेली. तो माझ्याकडे न बघता गाडीशीच बोलायचा. "काय गं, कुठं दुखतंय?" म्हणत हवेच्या नळ्यांच्या जोडांवर साबणाचं पाणी मारायचा आणि बुडबुडा येईपर्यंत उकिडवा बसायचा. तेव्हा कुणी बोललेलं त्याला खपत नसे. पहिल्याच खेपेला त्याने गळकी पिशवी बदलली.

तरी मी दर शनिवारी जात राहिलो. "फुस्स असा आवाज येतो हो," मी सांगायचो. तो निमूटपणे साबण लावायचा.

चौथ्या शनिवारी त्याने बाटली खाली ठेवली, माझ्यापुढे स्टूल सरकवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"अहो काका, हवा कुठंच जात नाही. गप्पाच मारायच्या असतील तर बसने या. गाडीवर कशाला आळ घेता?"